डिसेंबर सोडून उरलेल्या अकरा महिन्यांबद्दल

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

डिसेंबर जवळ आला की सगळ्याच पेपरांना आमची, म्हणजे फौजी घरांची, आठवण होते. ४ तारखेला नौदल दिन, १९ ला गोवा मुक्ती दिन, मग पुरवणी निघते, तिच्यात जहाजं, विमानं, परेड आणि आतल्या पानावर एखाद्या जवानाची बायको. तिच्यावरचा लेख त्यागाने सुरू होतो आणि सलामाने संपतो, मध्ये ती बाई काय खाते, कशाला हसते, रविवारी काय करते याचा पत्ताच नाही. राग नाही हो, लिहिणारे चांगल्या मनानेच लिहितात, पण वाचताना वाटतं ही कोण बाई, आमच्या कॉलनीत तर अशी कोणी राहत नाही.

माझं सांगायचं तर माहेर चंदगड तालुक्यातलं, म्हणजे घाट उतरला की गोवा. वडील, आम्ही आबा म्हणायचो, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. नवरा नेव्हीत, आता चीफ पेटी ऑफिसर, थोडक्यात चीफ, आहेत, विमानांच्या मेंटेनन्सला. त्यामुळे घरच्या माणसाच्या पत्त्यात गावाचं नाव असतं हे मला फार उशिरा कळलं. आबा काश्मिरात असोत की राजस्थानात, पत्र टाकायचं ५६ एपीओला, म्हणजे लष्कराच्या टपाल कार्यालयाला, पुढे ते आसामकडे गेले तर ९९ एपीओ, आणि लग्न झाल्यावर ह्यांचं जहाज कुठल्या का समुद्रात असेना, पत्र जाणार फ्लीट मेल ऑफिस मुंबईला. आता व्हिडिओ कॉल आहेत पण जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज खलास, आणि कधी येणार ते फोनवर सांगायचं नसतं, आम्हीही विचारत नाही. विचारायचं नाही हे पोरांनाही समजतं, शिकवावं लागत नाही.

लोकांच्या डोक्यात आमच्या घराची दोनच चित्रं आहेत, एक तो त्याग आणि दुसरी फौजी कॅन्टीनची दारूची बाटली. बाटलीवर नंतर येते. पण ह्या दोघांच्या मधे जे घर आहे ना, ते चांगलं मजेत चालणारं घर आहे आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसले.

आता पांढरा युनिफॉर्मच घ्या. नेव्हीचा पांढरा म्हणजे साधा पांढरा नाही, त्याला डाग तर सोडाच, पिवळट झाक पण चालत नाही. आणि पोस्टिंग गोव्यात! जूनमध्ये पाऊस लागला की वास्कोत चार चार दिवस ऊन दिसत नाही, दोरीवरचा टॉवेल सुद्धा आंबूस वास मारायला लागतो, आणि इथे माणसाला रोज सकाळी बगळ्यासारखं पांढरं होऊन जायचं असतं. तेव्हा आमच्या कॉलनीत प्रत्येक घराची आपली आपली पद्धत. कोणी फ्रिजच्या मागे वाळवतं, कोणी रात्रभर पंख्याखाली खुर्चीवर, समोरची बिहारची भाभी ओल्यावरच इस्त्री मारते आणि वाफेने अर्धी खोली भरते. माझं म्हणाल तर नीळ अगदी थेंबभर, खळ पातळ, आणि शर्ट उलटा करून हँगरला, बटणं लावूनच, नाहीतर कॉलर मान टाकते. मग रात्री जेवणं झाल्यावर इस्त्री, तेव्हा रेडिओ लावायचा, पोरं अभ्यासाचं नाटक करत समोर बसलेली, हे बुटांना पांढरं पॉलिश लावत दारात बसलेले, बाहेर पाऊस धो धो. मला विचाराल तर दिवसातला सगळ्यात चांगला तास हाच. कोणाला हे कष्ट वाटतील तर वाटू देत.

आमच्या ह्यांची अजून एक गंमत. विमानावर काम करणाऱ्या लोकांत हत्याराचा हिशोब फार कडक असतो. काम संपलं की एकेक पाना, स्क्रू-ड्रायव्हर मोजून जागेवर ठेवायचा, एक जरी कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही, कारण इंजिनात राहिला तर संपलंच. त्यासाठी बोर्ड असतो, त्याच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार काढलेला, म्हणजे काय गायब आहे ते लांबूनच दिसतं. हे सगळं मला तोंडपाठ आहे कारण ते घरी आलंय. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर प्लायवुडची फळी मारलीय, त्याच्यावर पक्कड, कात्री, सांडशी, उलथनं, किसणी, सगळ्यांची काळ्या पेनने आउटलाइन. किसणीच्या आउटलाइनला तर भोकं पण काढलीत. आधी मी डोक्याला हात लावला होता, आता मात्र शेजारणींच्या फोडणीत झारा सापडत नसतो तेव्हा मला मनातल्या मनात हसू येतं. लाटण्याला जागा दिली नव्हती, त्याचं कारण विचारलं तर म्हणाले ते हत्यार नाही. मी म्हटलं तुम्हाला अजून कळलं नाही म्हणायचं.

नेव्हीत सुट्टीच्या अर्ध्या दिवसाला मेक अँड मेंड म्हणतात, पूर्वी खलाशी त्या दुपारी आपले कपडे शिवायचे, तिथून आलेलं आहे ते. आमच्याकडे अजून तसंच होतं. दुपारी जेवून हे सुई-दोरा घेऊन बसतात, स्वतःची बटणं, पोरांच्या दप्तराचे पट्टे, माझ्या पर्सची चेन, मग मिक्सर उघडतात. शिवण माझ्यापेक्षा बारीक आहे त्यांची, हे मी सासरी कधी बोलत नाही.

विमानांचं काय सांगू. दाबोळी विमानतळ नेव्हीचा आहे आणि सकाळच्या वेळी नेव्हीचं फ्लाइंग असतं म्हणून त्या वेळात प्रवासी विमानं सहसा नसतात, हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे, त्यावरून कुरकुर पण होते, आता मोपाचा दुसरा विमानतळ झाल्यावर जरा कमी झाली. आमच्या घरात त्या फ्लाइंगवर घड्याळ लागतं. मिग-२९के हे लढाऊ विमान उडालं की कपाटातल्या बशा वाजतात आणि शेजारचं तान्हं बाळ मात्र ढिम्म झोपलेलं असतं, जन्मल्यापासून सवय. पोरं वर न बघता सांगतात, हे डॉर्नियर, हे कामोव्ह. धाकटीला तर कुठलं लँड करतंय आणि कुठलं निघालंय तेही कळतं. पाहुणे आले की हा तिचा खेळ, बिस्किटावर पैज लावते आणि जिंकते.

ह्यांचा जीव होता आयएल-३८ वर. ते जाडजूड चार पंख्यांचं रशियन विमान १९७७ साली दाबोळीला आलं आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झालं. त्या दिवशी हे घरी आले, चहा घेतला आणि नुसते बसून राहिले. मी त्या रात्री मटण केलं, दुसरं काय करणार. आणि त्याच विमानांचा १ ऑक्टोबर २००२ चा अपघात वास्कोतल्या जुन्या लोकांना आठवत असेल, स्क्वाड्रनची, म्हणजे त्या विमानांच्या तुकडीची, पंचवीस वर्षं साजरी होत असताना दोन आयएल हवेत एकमेकांवर आपटली, आतले बाराही जण गेले, खाली जमिनीवरची माणसंही गेली. तेव्हा भीती नसते असं मी म्हणतच नाही. एखादा आवाज वेगळा आला तर कॉलनीतल्या सगळ्या बायका एकाच वेळी खिडकीत येतात, कोणी कोणाशी बोलत नाही, आवाज सरळ झाला की आपापल्या गॅसकडे. पण त्या एका खिडकीवरून आमचं अख्खं घर मोजू नका एवढंच.

कारण बाकीचं घर असं आहे की आमच्याकडे सण तिथीला नसतो, माणूस आला की असतो. गणपतीला काही पुढे ढकलता येत नाही, पण दिवाळीला येतं! ह्यांचं सेलिंग लागलं असेल तर आम्ही नरकासुराचे पुतळे बघून येतो, पोरं चार फुलबाज्या उडवतात, गोव्याच्या पद्धतीने फोव, म्हणजे पोहे, करते मी दोन-तीन प्रकारचे, आणि खरी दिवाळी होते जानेवारीत नाहीतर फेब्रुवारीत. पहाटे उठून उटणं, पणत्या, चकल्या, सगळं. फौजेबाहेरच्या घरातून नवीन आलेली एक शेजारीण घाबरून विचारायला आली होती की आज कसला सण, मला कसं माहीत नाही. सासूबाईंना आधी हे अजिबात पटलं नव्हतं, तिथीला काही अर्थ आहे की नाही म्हणायच्या. आता त्याच फोन करून विचारतात, तुमची दिवाळी कधी आहे यंदा, म्हणजे त्या बेताने लाडू पाठवते. वाढदिवसाचं पण तेच, पोरांना दोन केक मिळतात, एक तारखेला आणि एक बाबा आले की, त्यामुळे ह्या विषयावर त्यांची काही तक्रार नाही.

चतुर्थी मात्र मी इथल्या लोकांकडून शिकले. आमच्याकडे घाटावर माटोळी नसते. चिखलीची एक म्हातारी बाई कॉलनीच्या गेटबाहेर भाजी घेऊन बसायची, तिने मला सगळं सांगितलं, आधी लाकडी चौकट टांगायची, मग सुपारीचे घड, चिबूड, तोरंजन, नारळाची जोडी, कांगलां, रानातलं जे जे मिळेल ते गणपतीच्या डोक्यावर. क्वार्टरच्या छताला खिळा मारायला परवानगी नसते, मग पंख्याच्या हुकाला दोरी, आणि दीड दिवस पंखा नाही, घामाने निथळत आरत्या. केरळची, पंजाबची, ओरिसाची पोरं हातात टाळ घेऊन "सुखकर्ता" म्हणतात, अर्धे शब्द स्वतःचे, पण ताल पक्का. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करताना चार राज्यांच्या चार बायका ओट्यावर, प्रत्येकीची मुरड घालायची पद्धत वेगळी, तळल्यावर ओळखू येतं कुठली कोणाची, फुटलेली असली तर मात्र ती कोणाचीच नसते.

क्वार्टरवरून आठवलं. क्वार्टर मिळतं तेव्हा मार्चिंग इन आणि सोडताना मार्चिंग आउट. पंखे किती, ट्यूब किती, कड्या किती, खिडकीच्या काचा किती, सगळी यादी, एक माणूस पॅड घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो आणि आपण त्याच्या मागे मागे हसऱ्या चेहऱ्याने. मारू नयेत म्हणतात ते खिळे सगळ्यांनीच मारलेले असतात, मग आदल्या रात्री भोकांत टूथपेस्ट भरायची आणि वरून खडू घासायचा. ही विद्या प्रत्येक फौजी बाईला येते, मला माझ्या आईने दिली, मी समोरच्या नवीन लग्न झालेल्या मुलीला दिली. काळ्या ट्रंका पलंगाखालून निघतात, त्यावरचं पांढऱ्या रंगातलं नाव-नंबर परत गिरवायचं, आणि दोन-तीन ट्रंका मधल्या काळात उघडल्याच नव्हत्या हे तेव्हा लक्षात येतं. त्यांच्यात काय आहे ते आम्हालाही आता नक्की सांगता येणार नाही.

पण यादीत झाडं नसतात. अंगणात आधीच्या बाईने लावलेलं आपण खायचं आणि आपण लावलेलं पुढचीने, असा अलिखित नियम आहे. ह्या क्वार्टरमध्ये मला तमिळ बाईचा शेवगा आणि कढीपत्ता मिळाला, तिला मी पाहिलेलंही नाही, पण तिच्या शेंगांची आमटी आठवड्यातून एकदा असते. मी अळू लावलाय, आणि कुंपणाजवळ पपई. पपई मला मिळेल असं वाटत नाही, बदलीचं वारं सुरू झालंय. पुढची कोण येईल तिला एवढंच सांगायचंय की ते अळू खाजत नाही, चिंच न घालताही चालतं, उपटून टाकू नकोस.

पोरांचं काय होत असेल हा प्रश्न सगळे विचारतात. शाळा बदलते, खरं आहे. पण केंद्रीय विद्यालयं १९६३ साली सुरू झाली ती अशा बदलीवाल्यांच्या मुलांसाठीच, सुरुवातीला पलटणींच्या वीस शाळा घेऊन, त्यामुळे वर्गात निम्मी पोरं नवीनच असतात, कोणाला कोणाचं नवल नाही. माझा थोरला हिंदी बोलतो, मल्याळममध्ये भांडतो, कोकणीत मासे विकत घेतो आणि मराठी शुद्धलेखनात मार्क घालवतो. मासे घ्यायला तोच जातो वास्कोच्या मार्केटात, बांगड्याचा वाटा कसा निवडायचा ते मला घाटावरच्या बाईला काय कळतंय. जून-जुलैत ट्रॉलरची बंदी असते तेव्हा घरात सुतक असतं त्याचं.

आता कॅन्टीन. ते चालवणारं सीएसडी खातं १९४८ पासून आहे आणि तेव्हापासून लोकांचा समज आहे की आम्हाला सगळं फुकट मिळतं. फुकट नाही, जरा स्वस्त मिळतं, कार्डावर महिन्याची लिमिट असते आणि लाइन मोठी असते. बाटलीची गंमत अशी की गोव्यात ती बाहेरच स्वस्त, त्यामुळे इथला कोणी मागत नाही, मागतात ते घाटावरचे पाहुणे. वर्षभर फोन नाही आणि गावच्या जत्रेच्या आठ दिवस आधी बरोब्बर "काय वैनी, कसं काय, भावजी बरे आहेत ना?" बाटली आणा म्हणून स्पष्ट कोणी बोलत नाही, "भावजींना म्हणावं येताना काहीतरी घेऊन या". आम्ही नेतो काहीतरी, काजू नेतो. मला स्वतःला कॅन्टीनचा दिवस आवडतो तो वेगळ्याच कारणाने, महिन्यातून एकदा आम्ही दोघंच पिशव्या घेऊन स्कूटरवर, परत येताना पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला तर थांबून गरम उंडे आणि पोई हे गोव्याचे पाव घ्यायचे, आणि घरी यायच्या आत एक उंडो स्कूटरवरच संपतो. साबण-चहापत्ती हे निमित्त हो.

आणि श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत दामोदर सप्ताह लागतो, रात्रंदिवस अखंड भजन, बाहेर फेरी भरलेली. हे घरी असले की आम्ही मुद्दाम रात्री उशिरा जातो, भजन ऐकायला माणसं जरा कमी असतात, येताना आल्याचे खाजे आणि पोरांना बांगड्या-फुगे. हे नसले तरी जातो. खाजे मग दोन पुडे घेतो, एक डब्यात ठेवून द्यायचा, ते आले की मऊ पडलेले खाजे खातात आणि छान आहेत म्हणतात, खोटं बोलतात ते सरळ दिसतं.

एक गोष्ट मात्र बदलतेय आणि ती तुम्ही छापावी. २०१७ च्या १० सप्टेंबरला गोव्यातूनच, आयएनएस मांडवी ह्या नेव्हीच्या तळावरून, तारिणी निघाली होती, नेव्हीच्या सहा ऑफिसर मुली शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारून २१ मे २०१८ ला परत गोव्यात आल्या. टीव्हीवर ते बघताना माझी धाकटी, तेव्हा अगदीच लहान होती, बापाला म्हणाली, त्यांचे पांढरे कपडे घरी कोण इस्त्री करतं? हे म्हणाले, त्या स्वतः. धाकटी म्हणाली, मग तुम्ही का नाही? जहाजावर स्वतःचं सगळं करणारा माणूस घरी आल्यावर का विसरतो याचं उत्तर ह्यांच्याकडे नव्हतं. तेव्हापासून पावसाळ्यातली इस्त्री एक दिवस माझी, एक दिवस त्यांची. क्रीज त्यांचीच सरळ येते, ते एक बरं नाही वाटत.

तर संपादक साहेब, यंदाच्या पुरवणीत विमानं छापा, जरूर छापा, पोरं कापून वहीत चिकटवतात. पण आतल्या पानावर रडणारी बाई नको. त्याऐवजी वास्कोत नेव्हीच्या युनिफॉर्मवर बिल्ले शिवणारे टेलर आहेत त्यांना भेटा, सगळ्यांचं प्रमोशन त्यांना घरच्यांच्या आधी कळतं. गेटबाहेर भाजी विकणाऱ्या बायकांना भेटा. चार शाळा बदललेल्या पोराला विचारा त्याचा बेस्ट फ्रेंड कुठल्या राज्यात आहे. आणि ज्या घरातला माणूस आत्ता बाहेर आहे तिथे गेलात तर "कसं सहन करता" विचारण्याआधी आज जेवायला काय केलंय ते विचारा, ताट वाढलं जाईल, खात्री माझी.

मी पण बोलायला तयार आहे. फक्त फोन दुपारी एकनंतर करा, त्याआधी डोक्यावर मिग असतात, एक शब्द ऐकू येत नाही.

आपली एक वाचक,
एका चीफची बायको (नाव छापू नये), वास्को